नॉर्फक

नॉर्फक : इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील एक शेतीप्रधान परगणा. क्षेत्रफळ सु. ५,३७० चौ. किमी. लोकसंख्या सु. ९,१६,००० (२०२१). विस्तार सु. ५२° २०′ उ. ते ५३° उ. आणि ०° १०′ पू. ते १° ४५′ पू. यांदरम्यान. याच्या उत्तरेस व पूर्वेस उत्तर समुद्र, वायव्येस वॉश उपसागर, पश्चिमेस लिंकनशर व केंब्रिजशर आणि दक्षिणेस सफक हे परगणे आहेत. किनाऱ्याची लांबी सु. १४५ किमी. असून नॉरिच (लोकसंख्या सु. १,४४,०००–२०२१) हे परगण्याचे मुख्य ठिकाण आहे. ग्रेट यारमथ, किंग्ज लिन, थेटफर्ड व क्रोमर ही इतर प्रमुख गावे होत. १९७४ च्या पुनर्रचनेत पूर्वी सफकमध्ये असलेला यारमथच्या दक्षिणेकडील थोडा भाग नॉर्फकला जोडण्यात आला.

दक्षिण सीमेवरील वेव्हनी व लिटल ऊझ या दोन नद्या एकाच दलदलीच्या परिसरात, परस्परांपासून अगदी थोड्या अंतरावर उगम पावतात. वेव्हनी पूर्वेस उत्तर समुद्राकडे, तर लिटल ऊझ पश्चिमेस ग्रेट ऊझ नदीकडे वाहत जाते. त्यामुळे समुद्र, नद्या व पाणथळ प्रदेश यांनी वेढलेला हा परगणा जवळजवळ बेटासारखा झाला आहे. येथे उंच पर्वत नाहीत, खनिजांची विपुलता नाही आणि मोठी औद्योगिक शहरेही नाहीत. तरीही भूगोलाच्या अभ्यासकांना हा प्रदेश दोन कारणांसाठी महत्त्वाचा वाटतो. येथील जमीन व समुद्र यांमधील सीमा कधीच स्थिर राहिलेली नाही, हे एक कारण. जे भूदृश्य प्रथमदर्शनी नैसर्गिक वाटते, त्याचा मोठा भाग मनुष्याच्या श्रमाने घडलेला आहे, हे दुसरे. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळांतील नकाशे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले असता विशेष स्पष्ट होतात.

भूवैज्ञानिक रचना : परगण्याच्या बहुतेक भागाखाली क्रिटेशस काळातील चॉकचे (खडूच्या खडकाचे) जाड थर आहेत. हे थर पूर्वेकडे अगदी मंद उताराने कललेले असल्याने पश्चिमेकडे ते भूपृष्ठाजवळ दिसतात व पूर्वेकडे अधिक नवीन वाळू, शिंपले व मृत्तिका यांच्या थरांखाली जातात. हन्स्टंटन येथील समुद्रकड्यात तळाशी तपकिरी वालुकाश्म, मध्ये तांबडा चॉक व वर पांढरा चॉक असे तीन पट्टे स्पष्ट दिसतात. चॉकमध्ये फ्लिंट या कठीण दगडाचे गोटे सापडतात. थेटफर्डजवळील ग्राइम्स ग्रेव्ह्ज येथे नवाश्मयुगीन लोकांनी फ्लिंट काढण्यासाठी खणलेल्या चारशेहून अधिक खाणींच्या खळग्या आहेत. बांधकामास योग्य असा दुसरा दगड जवळपास नसल्यामुळे येथील मध्ययुगीन चर्चवास्तू मुख्यत्वे फ्लिंटच्याच आहेत. अशी सु. ६५० चर्च आजही उभी असून त्यांपैकी शंभराहून अधिक चर्चना गोल मनोरे आहेत.

आजच्या भूरूपांवर हिमयुगाचा ठसा सर्वाधिक आहे. सु. ४,५०,००० वर्षांपूर्वी हिमस्तराने हा प्रदेश व्यापला होता. वितळताना त्याने धोंडे, चिकणमाती, वाळू व रेव यांचे मिश्रण सर्वत्र पसरून ठेवले. क्रोमर व शेरिंगम या गावांमागील टेकड्यांची रांग हिमस्तराच्या कडेला साचलेल्या व त्याच्या रेट्याने दुमडलेल्या अशाच गाळाची आहे. परगण्यातील सर्वोच्च ठिकाण या रांगेत असून त्याची उंची समुद्रसपाटीपासून १०० मी.पेक्षा थोडीच अधिक आहे. हा गाळ घट्ट खडक झालेला नाही. किनाऱ्यावर जेथे तो कड्यांच्या रूपाने उघडा पडला आहे, तेथे लाटा त्याच्या पायथ्याशी आघात करतात आणि भूजल आतून त्याला सैल करते. परिणामी कडा घसरून समुद्रात पडतो.

झिजणाऱ्या या कड्यांनी मानवाच्या व प्राण्यांच्या प्राचीन इतिहासाचा महत्त्वाचा पुरावाही उघड केला आहे. वेस्ट रंटन येथे १९९० मध्ये कड्याच्या पायथ्याशी एका महाकाय मॅमथचे अवशेष दिसले व १९९५ मध्ये त्याचे उत्खनन पूर्ण झाले. हेझ्बरो येथे (या नावाचे इंग्रजी लेखन अक्षरशः वाचल्यास ‘हॅपिसबर्ग’ असे होते) मे २०१३ मध्ये ओहोटीच्या वेळी जुन्या गाळाच्या पृष्ठावर मानवी पाऊलखुणा आढळल्या. त्या आठ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या असून आफ्रिकेबाहेरील सर्वांत जुन्या ज्ञात मानवी पाऊलखुणा मानल्या जातात. सुमारे दोन आठवड्यांत लाटांनी त्या पुसून टाकल्या. परंतु तत्पूर्वी अनेक कोनांतून छायाचित्रे घेऊन त्यांचे त्रिमित आलेखन करण्यात आले होते. आता त्या केवळ या आलेखनाच्या रूपाने उपलब्ध आहेत.

भूप्रदेश : नॉर्फकचे स्थूलमानाने पाच भाग पडतात. (१) मध्य नॉर्फकचा मंद चढउतारांचा, चिकणमातीच्या सुपीक जमिनीचा प्रदेश. येथे खेडी विखुरलेली, रस्ते अरुंद व वळणावळणाचे आणि शेते कुंपणांनी वेढलेली आहेत. (२) नैर्ऋत्येकडील ब्रेकलंड हा चॉकवरील पातळ, वालुकामय मृदेचा व कमी पावसाचा प्रदेश. पूर्वी येथे मेंढ्यांची चराई व सशांची जोपासना होत असे. पहिल्या महायुद्धात इमारती लाकडाचा तुटवडा जाणवल्याने १९१९ मध्ये वनीकरण आयोग स्थापन झाला आणि १९२० नंतरच्या दशकात ब्रेकलंडच्या माळावर सूचिपर्णी वृक्षांची थेटफर्ड वनभूमी उभी राहिली. १९४२ मध्ये लष्करी प्रशिक्षणासाठी टॉटिंग्टन, वेस्ट टॉफ्ट्स, स्टॅनफर्ड इ. खेडी रिकामी करण्यात आली. तेथील रहिवाशांना पुन्हा परतता आले नाही. गावांची नावे मात्र नकाशावर राहिली.

(३) पश्चिमेकडील फेन हा वॉश उपसागराभोवतीचा अत्यंत सखल प्रदेश. समुद्राजवळचा त्याचा पट्टा सागरी गाळाचा असून आतील पट्टा पीटचा आहे. सतराव्या शतकात डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्मायडन याच्या मार्गदर्शनाखाली या दलदलीचे मोठ्या प्रमाणावर निःसारण करण्यात आले. ग्रेट ऊझवरील डेन्व्हर येथे १६५१ मध्ये त्याने पहिले जलद्वार बांधले. पाणी काढून टाकल्यावर पीट आकसते, हवेशी संपर्क आल्याने त्याचे अपघटन होते आणि जमीन खाली बसते. त्यामुळे निःसारण जितके यशस्वी झाले, तितकी जमीन नद्यांच्या पातळीपेक्षा खाली गेली. पाणी वर उचलण्यासाठी प्रथम पवनचक्क्या, नंतर वाफेची एंजिने आणि पुढे डीझेल व विजेवर चालणारे पंप वापरावे लागले. आज काळीभोर, सपाट व अत्यंत सुपीक शेते बंधाऱ्यांमधून वाहणाऱ्या नदीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर आहेत.

(४) उत्तर किनाऱ्याचा हन्स्टंटन ते वेबर्न हा भाग खाजणांचा, वालुकागिरींचा व रेतीच्या दांड्यांचा आहे. ब्लेकनी पॉइंट हा गोट्यांचा सु. ६ किमी. लांबीचा दांडा आणि स्कोल्ट हेड हे वालुकागिरींचे बेट ही येथील प्रसिद्ध भूरूपे होत. दांड्यांच्या आडोशाला गाळ साचून खाजणे तयार होतात. मध्ययुगात क्ले, विव्हटन व ब्लेकनी ही गजबजलेली बंदरे होती. खाजणांना बांध घालून शेतजमीन मिळवण्यात आल्यावर खाड्यांतून आतबाहेर करणारे भरतीचे पाणी कमी झाले, खाड्या गाळाने भरल्या आणि बंदरे निरुपयोगी झाली. (५) पूर्वेकडील ब्रॉड्झ हा ब्यूर, अँट, थर्न, यॅर व वेव्हनी या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतील उथळ सरोवरांचा व कुरणांचा प्रदेश असून त्याचा काही भाग सफकमध्ये मोडतो.

ब्रॉड्झची उत्पत्ती : या सरोवरांना स्थानिक भाषेत ‘ब्रॉड’ म्हणतात. हिकलिंग, बार्टन इ. ब्रॉड नद्यांच्या काठी किंवा त्यांना जोडून आहेत. समुद्राचे पाणी मागे हटताना सखल भागात उरलेले हे जलाशय होत, असे दीर्घकाळ मानले जाई. खोऱ्यांतील गाळाची प्रारंभीची छिद्रणे दूरदूर अंतरावर घेतली असल्याने त्यांवरूनही याच मताला दुजोरा मिळाला. १९५० नंतरच्या दशकात जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीने अगदी जवळजवळ छिद्रे घेऊन सरोवरांच्या कडा तपासल्या, तेव्हा निराळेच चित्र दिसले. सरोवरांच्या बाजू उताराच्या नसून जवळजवळ उभ्या होत्या, तळ सपाट होते आणि मधूनमधून न खणलेल्या पीटचे अरुंद, सरळ बांध शिल्लक होते. नैसर्गिक क्रियेने अशी रचना होणे शक्य नव्हते.

ऐतिहासिक भूगोलाचे अभ्यासक सी. टी. स्मिथ यांनी मठांचे हिशेब व जमिनींचे दप्तर तपासले. त्यांत बाराव्या ते चौदाव्या शतकांत या खोऱ्यांतून जळणासाठी लक्षावधी पीट-विटा काढल्या व विकल्या जात असल्याचे आढळले. दाट वस्तीच्या या प्रदेशात जंगल कमी उरल्याने पीट हेच मुख्य इंधन होते. त्या वेळी समुद्राची पातळी जमिनीच्या मानाने खाली असल्याने खोल खणणे शक्य होते. पुढे समुद्रपातळी वाढली व पूर वारंवार येऊ लागले. १२८७ च्या डिसेंबरातील महापुरात हिकलिंग परिसरात मोठी प्राणहानी झाली. हळूहळू खड्डे पाण्याने भरले आणि पीट काढण्याचा व्यवसाय थांबला. भूविज्ञान, वनस्पतिशास्त्र, भूगोल व पुरातत्त्व यांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणे मांडलेले हे निष्कर्ष १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. काढलेल्या पीटचे आकारमान सु. २.५ कोटी घ.मी. असावे, असा अंदाज त्यात होता. ज्या जलाशयांना नकाशे नैसर्गिक सरोवरे म्हणून दाखवीत आले होते, ती वस्तुतः पाण्याखाली गेलेली खाणकामे होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांडपाण्यातील फॉस्फेटे व शेतातील नायट्रेटे यांमुळे ब्रॉड्झचे पाणी शैवालाने गढूळ झाले व पाणवनस्पती नष्ट होऊ लागल्या. १९८२ मध्ये कॉकशूट ब्रॉडमधील पोषकद्रव्ययुक्त चिखल उपसण्याचा प्रयोग झाला व पुढे इतरत्रही हे काम करण्यात आले. हॅल्व्हरगेट येथील गवताळ कुरणांचे धान्याच्या शेतांत रूपांतर करण्यावरून १९८० नंतर मोठा वाद झाला. जुन्या पद्धतीने गुरे चारणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदला देण्याची योजना १९८५ मध्ये येथे सुरू झाली. पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम कृषिक्षेत्रांची संकल्पना इंग्लंडमध्ये त्यातूनच विकसित झाली. १९८८ च्या कायद्यान्वये ब्रॉड्झ प्राधिकरण स्थापन होऊन या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. येथील सु. २०० किमी. जलमार्ग नौकाविहारासाठी वापरले जातात.

हवामान व शेती : ब्रिटनमधील तुलनेने कोरड्या प्रदेशांत नॉर्फकची गणना होते. वार्षिक पर्जन्यमान सु. ६० ते ७० सेंमी. असून ब्रेकलंड व फेन या भागांत ते सर्वांत कमी असते. हिवाळ्यात उत्तर समुद्रावरून येणारे वारे बोचरे असतात. अठराव्या शतकात गहू, टर्निप, बार्ली व क्लोव्हर अशी चार पिकांची फेरपालट येथे रूढ झाली. पडीक जमीन न ठेवता गुरांना हिवाळ्यात चारा व जमिनीला खत मिळण्याची सोय तीमुळे झाली. रेनमचे टाउनझेंड व हॉकमचे कोक या जमीनदारांनी तिचा पुरस्कार केला. तथापि ती त्यांच्याही आधीपासून या भागात हळूहळू विकसित होत होती, असे आता मानले जाते. बार्ली, गहू व शर्कराकंद ही आजची मुख्य पिके होत. कँटली येथील शर्कराकंदापासून साखर तयार करणारा कारखाना १९१२ मध्ये सुरू झाला. क्रोमरचे खेकडे प्रसिद्ध आहेत. यारमथची हेरिंग मासेमारी विसाव्या शतकात संपुष्टात आली आणि १९६० नंतर त्या बंदराला उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू व अलीकडे सागरी पवनऊर्जा यांमुळे नवे काम मिळाले.

नकाशे व सर्वेक्षण : नॉर्फकच्या मानचित्रणाचा इतिहास चार शतकांहून मोठा आहे. विल्यम कनिंगम याने १५५८ मध्ये काढलेले नॉरिचचे विहंगमदर्शी चित्र हे इंग्लंडमधील नगरांच्या आद्य मुद्रित नकाशांपैकी एक होय. क्रिस्टोफर सॅक्सटन याचा नॉर्फकचा नकाशा १५७४ चा आहे. इंग्लंड व वेल्सच्या परगण्यांच्या त्याच्या नकाशासंग्रहातील (१५७९) हा अगदी प्रारंभीचा नकाशा होय. त्यात गावे, नद्या व उद्याने असून टेकड्या वारुळांसारख्या आकृत्यांनी दाखविल्या आहेत. रस्ते मात्र नाहीत. राज्यकर्त्यांना परगणा एका दृष्टिक्षेपात दिसावा, हा त्याचा मुख्य उपयोग होता. जॉन स्पीडने १६११ मधील आपल्या संग्रहात अशा पूर्वीच्या नकाशांचा आधार घेतला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे सर्वेक्षण करणारा नाविक अधिकारी जॉर्ज व्हँकूव्हर (१७५७–९८) हा किंग्ज लिनचा होता.

विल्यम फेडन याने १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेला नकाशा परगण्याच्या इतिहासाचे प्रमुख साधन ठरला आहे. त्याचे प्रमाण १ मैलास १ इंच असून त्यासाठीचे सर्वेक्षण १७९० ते १७९४ या काळात झाले. रस्ते, पवनचक्क्या, जमीनदारांची उद्याने यांबरोबरच गावांची सामाईक गायराने व माळ त्यात काळजीपूर्वक दाखविले आहेत. नॉरिचच्या ईशान्येस अनेक किमी. पसरलेला माउसहोल्डचा माळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यानंतरच्या काही दशकांत संसदेच्या कायद्यांनी गायरानांची वाटणी व कुंपणबंदी झाली. अँड्रू ब्रायंटचा १८२६ चा नकाशा फेडनच्या नकाशाशेजारी ठेवला, तर मधल्या तीस वर्षांत गायरानांचे हिरवे पट्टे कसे नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी सरळ रेषेतील रस्ते व चौकोनी शेते कशी आली, हे दिसून येते. ज्या गरीब कुटुंबांची गाय, सरपण व हंसपालन या गायरानांवर अवलंबून होते, त्यांचे काय गेले याची नोंद या दोन नकाशांइतकी ठळकपणे क्वचितच अन्यत्र सापडते. क्रोमसारख्या नॉरिच चित्रशाखेच्या निसर्गचित्रकारांनी माउसहोल्डची चित्रे काढली ती याच काळात.

चर्चला द्यावयाच्या दशांश कराचे रोखीत रूपांतर करण्यासाठी १८३६ च्या कायद्यानंतर पॅरिशवार नकाशे तयार झाले. त्यांत प्रत्येक शेताचा मालक, कूळ, क्षेत्रफळ व उपयोग नोंदलेला आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचे १ मैलास १ इंच प्रमाणाचे नॉर्फकचे नकाशे १८३० नंतरच्या दशकात निघाले. १८८० च्या सुमारास १ : १०,५६० व १ : २,५०० या मोठ्या प्रमाणांवर परगण्याची मोजणी झाली. या नकाशांत प्रत्येक कुंपण, विहीर, पायवाट व घर नेमकेपणाने येत असल्याने पुढील बदल मोजण्यासाठी ते आधाररेषा ठरले.

विसाव्या शतकात हवाई छायाचित्रणाने मानचित्रणाला नवी दृष्टी दिली. कोरड्या उन्हाळ्यात पुरलेल्या भिंतींवरील पीक लवकर सुकते, तर बुजलेल्या खंदकांवरील पीक हिरवे राहते. वरून पाहिल्यास त्यांचा आराखडा उमटतो. १९२८ मध्ये घेतलेल्या छायाचित्रात नॉरिचजवळील व्हेंटा आयसेनोरम या रोमन नगराचे रस्ते असेच दिसले. १९२९ मध्ये आर्मिंगहॉल येथे खांबांच्या वर्तुळाचे प्रागैतिहासिक स्थळ याच पद्धतीने सापडले. किनाऱ्यावरील भूरूपांचेही सूक्ष्म आलेखन झाले. एफ. डब्ल्यू. ऑलिव्हर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९१० पासून ब्लेकनी पॉइंटचे, तर जे. ए. स्टिअर्स यांनी १९२० नंतर स्कोल्ट हेडचे पुनःपुन्हा नकाशे काढले. दांडा कोणत्या दिशेने सरकतो, खाजणाची उंची किती वेगाने वाढते, हे त्यांवरून प्रथमच मोजता आले.

किनाऱ्याची झीज व संरक्षण : शेरिंगमच्या परिसरापासून वाळूचे वहन पश्चिमेस व आग्नेयेस अशा दोन दिशांना विभागले जाते. आग्नेय दिशेला कड्यांतून सुटणारी वाळू हेझ्बरो, सी पॉलिंग, विंटरटन, हेम्सबी व यारमथ येथील पुळणींना मिळते. येथील अनेक गावे समुद्राने गिळली आहेत. क्रोमरसमोरील शिप्डेन हे गाव चौदाव्या शतकात नाहीसे झाले. एक्लेस येथील चर्चचा मनोरा गाव गेल्यावरही पुळणीवर एकटा उभा होता. तो १८९५ मध्ये पडला. साइडस्ट्रँड येथील कड्याच्या काठावरील जुना मनोरा १९१६ मध्ये खाली गेला.

हेझ्बरोच्या दक्षिणेस कडे संपून वालुकागिरींची अरुंद रांग सुरू होते. तिच्यामागील ब्रॉड्झचा प्रदेश समुद्रपातळीच्या जवळपास किंवा खाली आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये हॉर्सी येथे ही रांग फुटून सु. ३,००० हेक्टर जमिनीत खारे पाणी शिरले. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वायव्येकडील तुफान वारे व मोठी भरती यांच्या संयोगाने उत्तर समुद्राचे पाणी विलक्षण चढले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसे मरण पावली, त्यांपैकी सु. १०० नॉर्फकमधील होती. हन्स्टंटन, स्नेटिशम, किंग्ज लिन, सी पॉलिंग व यारमथ येथे सर्वाधिक हानी झाली. उत्तरेकडील गावांत पाणी आधी शिरले असूनही दक्षिणेकडील गावांना वेळीच सूचना मिळाली नाही. म्हणून त्यानंतर वादळी उधाणाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभारण्यात आली आणि एक्लेस ते विंटरटनदरम्यान काँक्रीटचा समुद्रबांध बांधण्यात आला. १९९० नंतरच्या दशकात सी पॉलिंगसमोर समुद्रात नऊ खडकाळ बांध घालण्यात आले. ५ डिसेंबर २०१३ च्या उधाणात पाण्याची पातळी काही ठिकाणी १९५३ इतकीच किंवा अधिक होती. सूचना व बांध यांमुळे मोठी प्राणहानी टळली. पण हेम्सबी येथील काही घरे समुद्रात पडली. तेथे २०१८ व २०२३ मध्येही घरे गेली किंवा पाडावी लागली.

बांध घालून सर्व किनारा सुरक्षित करावा, हा उपाय सोपा वाटतो. परंतु कडा झिजणे थांबले, की त्यातून मिळणारी वाळूही थांबते. पुढील गावांच्या पुळणी खंगतात आणि ब्रॉड्झचे रक्षण करणारी वालुकागिरींची रांग दुबळी होते. एका गावाचे संरक्षण हे दुसऱ्याचे संकट ठरू शकते. हेझ्बरो येथील १९५८-५९ मधील लाकडी संरक्षक बांधकाम १९९० नंतर मोडकळीस आले व ते पूर्णतः पुन्हा उभारण्यात आले नाही. तेव्हापासून गावातील रस्त्यांचे व घरांचे तुकडे समुद्रात जात आहेत. याउलट बॅक्टन येथील वायुकेंद्र राष्ट्रीय महत्त्वाचे असल्याने २०१९ मध्ये तेथील व शेजारच्या वॉलकट गावाच्या पुळणीवर सु. १८ लाख घ.मी. वाळू टाकण्यात आली. ही वाळू लाटांबरोबर हळूहळू पुढे सरकेल व दक्षिणेकडील किनाऱ्यालाही उपयोगी पडेल, अशी योजना आहे. उत्तर किनाऱ्यावर टिचवेल येथे २०१० नंतर जुना बांध मागे घेऊन थोड्या जमिनीत भरतीचे पाणी येऊ देण्यात आले. तेथे तयार होणारे खाजण लाटांचा जोर कमी करते.

हे निर्णय किनारा व्यवस्थापन आराखड्यांद्वारे घेतले जातात. त्यांत किनाऱ्याच्या प्रत्येक भागासाठी सध्याची रेषा टिकविणे, ती नियोजनपूर्वक मागे घेणे किंवा हस्तक्षेप न करणे असे पर्याय ठरविलेले असतात. सोबतच्या नकाशांवर २०२५, २०५५ व २१०५ या वर्षी किनारा कोठे असण्याचा संभव आहे, हे दर्शविणाऱ्या रेषा आखलेल्या आहेत. सॅक्सटनपासून ऑर्डनन्स सर्व्हेपर्यंतच्या नकाशांनी प्रत्यक्षात असलेली जमीन दाखविली. हे नकाशे पुढे नसणारी जमीन दाखवितात. त्यांचा परिणाम समुद्र येण्यापूर्वीच जाणवतो. रेषेच्या आत आलेल्या घराला कर्ज मिळत नाही, त्याची किंमत घसरते आणि गावातील नवी गुंतवणूक थांबते. इंग्लंडमध्ये झिजणाऱ्या किनाऱ्यावरील घरमालकास नुकसानभरपाईचा सर्वसाधारण हक्क नसल्याने हा भार मुख्यतः त्या कुटुंबांवर पडतो. २००८ मध्ये हिकलिंग व हॉर्सी परिसरातील काही गावे कालांतराने समुद्राला सोडून देण्याचा एक पर्याय अभ्यासातून पुढे आला, तेव्हा त्याला तीव्र विरोध झाला. २००९ नंतर शासनाच्या प्रायोगिक योजनेतून हेझ्बरो येथील कड्यालगतची काही घरे विकत घेऊन पाडण्यात आली आणि रहिवाशांना आतील बाजूस स्थलांतर करण्यास साहाय्य झाले. तथापि तशी कायम स्वरूपाची तरतूद झाली नाही.

नॉर्फकच्या भूगोलाचा अभ्यास यामुळे केवळ स्थानिक महत्त्वाचा राहत नाही. पीटच्या खाणी सरोवरे झाल्या, दलदली शेते झाल्या, बंदरे खाजणे झाली आणि गावे समुद्रतळ झाली. यांतील प्रत्येक बदलात निसर्गाबरोबर मनुष्याच्या निर्णयांचाही वाटा होता. समुद्रपातळी वाढत असताना कोणती जमीन राखावयाची, कोणती सोडावयाची आणि सोडणाऱ्यांचा खर्च कोणी उचलावयाचा, हे प्रश्न जगातील अनेक सखल किनाऱ्यांपुढे आहेत. जुन्या नकाशांच्या आधारे किनाऱ्याची हालचाल जेथे दीर्घ काळ मोजता आली आहे, अशा प्रदेशांपैकी नॉर्फक हा एक होय.